हप्ता वेळेवर, पण धंदा कुणाचा?

आठ मार्च, म्हणजे महिला दिन, जवळ आला की सूक्ष्मकर्ज, म्हणजे गरीब घरांना तारणाशिवाय छोटी कर्जं, देणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती ठरलेल्या. शिलाई मशीनमागे बसलेली हसरी बाई आणि खाली एक आकडा : आमच्या इतक्या लाख भगिनी वेळेवर परतफेड करतात. आकड्याबद्दल माझी तक्रार नाही, तो बहुतेक वेळा खराच असतो. तक्रार आहे ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षाबद्दल. बाईने हप्ता भरला यावरून कंपनीचे पैसे सुरक्षित आहेत एवढंच कळतं. बाई सक्षम झाली की नाही, ते कळायला दुसरं काहीतरी विचारावं लागतं. ते कुणी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर जाहिरातीत घालण्यासारखं निघेलच याची खात्री नाही.

मुळात कर्ज बाईलाच का? मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये बांगलादेशातल्या जोब्रा गावात छोट्या रकमा देऊन सुरुवात केली, पुढे १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ मध्ये युनूस आणि बँक दोघांना मिळून शांततेचं नोबेल मिळालं. बाईच्या हातात गेलेला पैसा घरासाठी, मुलांसाठी खर्च होतो, हा त्यांचा अनुभव होता आणि तो खोटा नाही. पण मुंबईत सूक्ष्मकर्जाचा धंदा बाईवर चालतो त्याची कारणं जास्त साधी आहेत. पुरुष सकाळी नाक्यावर जातो, कामावर जातो, कधी गावी जाऊन महिनाभर येत नाही. बाई सापडते. मुलांची शाळा इथे, रेशनकार्ड इथे, पाण्याची वेळ इथे. ती खोली सोडून कुठे जाणार? आणि तिला चारचौघींत मान खाली घालायला लावणारं काहीही नको असतं. पत्र्याच्या खोलीचे कागद धड नसतात, त्यामुळे बँकेला द्यायला तारण नाही. तारणाची ती जागा शेजारणींनी भरून काढायची, अशी ही व्यवस्था आहे.

मानखुर्दच्या एका गल्लीतली अशी मीटिंग डोळ्यांसमोर आणा. सकाळचे साडेनऊ. खोलीत चटई, चटईवर चौदा-पंधरा बायका, दोघींच्या मांडीवर मूल. हप्ते घ्यायला आलेला मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा, लातूर नाहीतर बुलढाण्याकडचा, पाठीवर बॅग, हातात टॅब. त्याच्या आईच्या वयाच्या बाया त्याला 'सर' म्हणतात. एकेकीच्या नावापुढे टिक होत जाते आणि मग एका नावाशी गाडं अडतं. सातशे रुपये कमी आहेत. नवऱ्याला या आठवड्यात काम नाही, असं ती सांगते. सर आवाज चढवत नाही, चढवायची गरजही नसते. तो एवढंच म्हणतो, "काकू, मला वर उत्तर द्यायचंय." मग सेंटर लीडर, म्हणजे या बायकांमधलीच गटप्रमुख, उठते. एकीकडून दोनशे, दुसरीकडून तीनशे, उरलेले दोनशे ती स्वतःच्या ब्लाउजमधून काढते. टॅबवर शंभर टक्के वसुली. सगळ्या उठतात, कारण पाणी जायची वेळ झालेली असते.

या प्रसंगात माया आहे, ती मी नाकारत नाही. ज्या शेजारणी आज दोनशे देतात त्याच रात्री-अपरात्री दवाखान्यातही सोबत येतात. पण ही माया आयती होती, कंपनीने निर्माण केली नाही. कंपनीने ती वसुलीच्या कामी लावली. दोन-तीन महिने हेच झालं की मायेचा रंग बदलतो. नळावर बोलणं बंद होतं, हळदीकुंकवाला बोलावणं येत नाही. हप्ता चुकवणारी बाई गटातून गेली की पुढचं कर्ज इतरांनाही अवघड होतं, म्हणून तिच्यावर नजर ठेवायला कंपनीला माणूस नेमावा लागत नाही.

आता पैसा कुठे जातो ते पाहू. फॉर्मवर कारण लिहिलेलं असतं : शिलाई मशीन, पापड-लोणची, भाजीचा धंदा. प्रत्यक्षात त्यातून रिक्षाचं परमिट सोडवलं जातं, खोलीचं डिपॉझिट भरलं जातं, मुलीची अकरावीची फी जाते, केईएमला औषधं बाहेरून आणावी लागली म्हणून घेतलेलं उसनं फेडलं जातं. यात पाप काहीच नाही. हातावर पोट असलेल्या घराला मोठी रक्कम एकदम लागते आणि ती जमवायला त्या घराकडे दुसरी जागा नसते. फॉर्म भरणाऱ्यालाही हे माहीत असतं, भरून घेणाऱ्यालाही. मात्र त्याच फॉर्मची बेरीज करून 'इतक्या महिला उद्योजक' असा आकडा वर जातो तेव्हा ती फसवणूक होते.

ॲन मरी गोएट्झ आणि रीना सेन गुप्ता या संशोधकांनी १९९६ मध्ये बांगलादेशातल्या कर्जांचा माग काढला. बाईच्या नावावरचं बरंचसं कर्ज प्रत्यक्षात घरातले पुरुष वापरत होते आणि परतफेडीची जबाबदारी मात्र बाईवरच होती. त्यांच्या या मांडणीला नायला कबीर यांनी तितक्याच ताकदीने उत्तर दिलं : कर्ज कोण वापरतो एवढंच बघू नका, बायकांना स्वतःला विचारा. पैसा आपल्यामुळे घरात आला, या एका गोष्टीने घरातली आपली किंमत वाढली असं अनेक जणी सांगतात. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. मुंबईत तर रोज दिसतात. "माझ्या नावावर लोन आहे" हे म्हणताना बाईच्या आवाजात एक ठसका असतो, तो खोटा नाही. फक्त तो ठसका पहिले चार-सहा हप्ते टिकतो की शेवटपर्यंत, हे त्या पैशातून काय उभं राहिलं यावर ठरतं.

कर्जाचा हिशोबही एकदा मांडायला हवा, कारण बहुतेक चर्चा तो न मांडताच होते. पन्नास हजारांचं कर्ज, चोवीस महिने, वर्षाला २४ टक्के, घटत्या शिलकीवर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज. महिन्याचा हप्ता येतो साधारण २,६४४ रुपये. दोन वर्षांत भरायचे जवळजवळ ६३,४५० रुपये. हातात मात्र पूर्ण पन्नास हजार पडत नाहीत. प्रक्रिया शुल्क, त्यावरचा जीएसटी आणि विम्याचे पैसे आधीच कापले जातात. पुष्कळ वाटतं? मग गल्लीतल्या सावकाराकडे जा. शेकडा पाच म्हणजे पन्नास हजारांवर महिन्याला अडीच हजार नुसतं व्याज आणि मुद्दल जिथल्या तिथे. शेकडा दहा घेणारेही आहेत. कंपनीच्या हप्त्यात दीडशेच्या आसपास रुपये जास्त जातात, पण दोन वर्षांत कर्ज संपतं. सावकाराचं कर्ज संपवायला दागिना मोडावा लागतो. त्यामुळे सूक्ष्मकर्ज बंद करा असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. कर्ज म्हणून ही सेवा उपयोगाची आहे. तिला कर्जच म्हणा. व्याज किती, वसुली कशी, माहिती स्पष्ट दिली का, यावर तिला तोला. सक्षमीकरणाचं लेबल लावलं की हे प्रश्न विचारणारा माणूस बायकांच्या प्रगतीच्या आड येतोय असा आव आणता येतो.

लेबल खरं ठरतं का याची नीट तपासणी झालेली आहे. अभिजीत बॅनर्जी हे नाव २०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमुळे सगळ्यांना ठाऊक झालं. (जन्म मुंबईचा, आईचं माहेर पाटणकरांचं, त्या वेळी आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅपला तेवढंच पुरलं, त्यांच्या कामाकडे फारसं कुणी वळलं नाही.) त्यांनी एस्थर डुफ्लो, रेचल ग्लेनर्स्टर आणि सिंथिया किनन यांच्यासोबत हैदराबादच्या १०४ वस्त्यांमध्ये अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत सूक्ष्मकर्ज कंपनीने आधी शाखा उघडली, निम्म्यांत नंतर, आणि कोणत्या वस्तीत आधी हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. निकाल काय आला? आधीपासून धंदा असलेल्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला. घरात टिकाऊ वस्तू आल्या, चहा-तंबाखू-पानावरचा खर्च थोडा कमी झाला. घराचा एकूण दरडोई खर्च मात्र वाढला नाही. आणि घरातल्या निर्णयांत बाईचा शब्द, मुलांचं शिक्षण, आरोग्य यांत ठळक फरक सापडला नाही. हा अभ्यास २०१५ मध्ये छापून आला तेव्हा त्याच्यासोबत बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को इथलेही अभ्यास आले. सहाही ठिकाणी सूर सारखा : थोडा फायदा आहे, कायापालट नाही.

'आधीपासून धंदा असलेल्यांनी' हे शब्द माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे आहेत. भारत, श्रीलंका आणि घाना इथल्या आकड्यांवर अलीकडे झालेल्या एका अभ्यासात याच्याशी जुळणारी गोष्ट निघाली. बाईला मिळालेल्या भांडवलातून नफा वाढत नाही, पुरुषाच्या वाढतो, असं आधी दिसत होतं आणि त्यावरून बायकांना धंदा जमत नाही असा अर्थ काढणारेही होते. प्रत्यक्षात बाईचं भांडवल नवऱ्याच्या धंद्यात जात होतं. ज्या घरात एकट्या बाईचाच धंदा होता तिथे तिचा नफा पुरुषांइतकाच निघाला. कर्जाने धंदा जन्माला येत नाही, असलेला धंदा वाढतो. आणि धंदा बाईचा असेल तर वाढलेलं तिचं राहतं.

मुंबईला हे शिकायला हैदराबादला जायची गरज नव्हती. गिरणगावात हे पन्नास वर्षांपूर्वी होऊन गेलं आहे. लालबाग, परळ, काळाचौकीच्या चाळींमध्ये कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुरातून आलेले गिरणी कामगार गाळ्यात पाळीपाळीने झोपायचे. त्यांच्या जेवणाची सोय करायच्या खानावळवाल्या बाया. त्यांचं गिऱ्हाईक बांधलेलं होतं, चव ठरलेली होती, दर त्याच ठरवायच्या. अडचण एकच होती. कामगार पैसे द्यायचा पगाराला आणि डाळ-तांदूळ मात्र रोज लागायचे. मधला महिना वाण्याच्या उधारीवर जायचा आणि वाणी उधारीचं गिऱ्हाईक बघून भाव लावायचा. गिरणीत संप झाला की कामगार उपाशी राहू नये म्हणून बाया अंगावरचं गहाण ठेवायच्या. प्रेमाताई पुरव डाव्या चळवळीतल्या, गोवा मुक्तिसंग्रामातून आलेल्या. त्यांनी १९७५ मध्ये या बायांची अन्नपूर्णा महिला मंडळात संघटना बांधली आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं दार त्यांच्यासाठी उघडलं. खानावळवालीला कुणी धंदा शिकवायची गरज नव्हती, तिला महिनाभराचं खेळतं भांडवल हवं होतं. ते मिळालं आणि वाण्याच्या तावडीतून ती सुटली.

इथे क्रम पाहण्यासारखा आहे. आधी कष्ट आणि गिऱ्हाईक, मग संघटना, मग बँक. लिज्जतचंही तसंच. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. ऐंशी रुपयांची गोष्ट सगळे सांगतात. त्या सात जणी आणि त्यांच्यामागून आलेल्या हजारो जणी धंद्याच्या मालक झाल्या, नफ्याच्या वाटेकरी झाल्या, ही गोष्ट जास्त मोठी आहे. उसने ऐंशी रुपये त्या काळी गिरगावात आणखी कितीतरी जणींनी घेतले असतील.

आता आजची मुंबई बघा. गिरण्या गेल्या, खानावळी गेल्या आणि बायकांचं काम खोलीत शिरलं. मालाडकडे इमिटेशन ज्वेलरीचे खडे चिकटवायचे, धारावी-कुर्ल्याकडे जीन्सचे धागे कापायचे, गोवंडीत जरीकाम, कुठे लेस, कुठे बटणं, कुठे राखीच्या सीझनमध्ये राख्या. डझनावर दर. तो दर ठरवतो माल आणून टाकणारा शेठ. या बाईला कर्ज दिलं, तिने मशीन घेतलं, तर काय बदलतं? पूर्वी ती कारखान्यात जाऊन शेठच्या मशीनवर बसायची. आता मशीन तिचं, जागा तिची, लाइटबिल तिचं, सुई तुटली तर ती तिची आणि हप्ता तिचा. दर मात्र शेठचाच. दिवाळीनंतर दोन महिने माल येत नाही तेव्हा शेठचं काही अडत नाही. हप्ता मात्र ठरल्या तारखेला येतो. फॉर्मवर ती 'उद्योजक' आहे. माझ्या मते तिने शेठची जोखीम स्वतःच्या नावावर करून घेतली आहे, आणि तीही व्याज भरून.

याउलट कोळीण बघा. पहाटे भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकला लिलावात रोख मोजून ती पाटी उचलते, दुपारपर्यंत विकते, संध्याकाळी गल्ला तिच्याच कनवटीला. भावाची घासाघीस तिची, गिऱ्हाईक तिचं. तिच्यापुढे 'सर' बसला तर तो जरा सावरूनच बसतो. अशा बाईला दहा-वीस हजारांचं भांडवल वेळेवर मिळालं तर ती बर्फ जास्त घेईल, पापलेट जास्त उचलेल, दलालाचं देणं टाळेल. इथे कर्ज तिच्या हाताखाली राबतं. दोघी एकाच शहरातल्या, कर्ज तेच, व्याज तेच आणि परतफेडीच्या रकान्यात दोघींपुढे टिक तीच. फरक दाखवणारा रकानाच फॉर्मवर नाही.

बचत गटांबद्दल थोडंच सांगतो, कारण बचत गटाचं कर्ज आणि कंपनीचं कर्ज, वस्तीत दोन्हीला लोक सरसकट 'गटाचं लोन' म्हणतात आणि त्यात घोळ होतो. नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने १९९२ मध्ये बचत गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली. आपल्याकडे महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, १९७५ पासून आहे. बचत गटात आधी बायका स्वतःचे पैसे टाकतात, आपसांत देतात-घेतात आणि त्यावरचं व्याज गटातच राहतं. कंपनीच्या गटात बचत नसते, एकमेकींची हमी तेवढी असते आणि व्याज बाहेर जातं. बचत गटांचं सगळं गोमटं आहे असंही नाही. निवडणूक आली की त्यांची सभेला गर्दी जमवण्यापुरती आठवण होते, कित्येक गट रजिस्टरपुरते उरलेत. तरी गटाचा हिशोब स्वतः ठेवणारी बाई बँकेत मॅनेजरसमोर खुर्ची ओढून बसते, हे खरं. म्हसवडच्या माणदेशी बायकांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला. व्याजाचा हिशोब आम्ही तोंडी करून दाखवतो, तुमच्या साहेबांना जमतो का बघा, असं म्हणत त्यांना संघटित करणाऱ्या चेतना सिन्हा आणि त्या बायका रिझर्व्ह बँकेकडे परत गेल्या, आणि १९९७ मध्ये बँक उभी राहिली.

नियमांकडे वळू. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात कर्जावर कर्ज, वसुलीचा जाच आणि आत्महत्यांच्या बातम्या यांतून राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला. त्याच वर्षी तिथल्या सर्वांत मोठ्या सूक्ष्मकर्ज कंपनीचे शेअर बाजारात आले होते, हा नुसता योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. नंतर रिझर्व्ह बँकेने नेमलेली वाय. एच. मालेगाम यांची समिती, मग या कंपन्यांसाठी वेगळा वर्ग, व्याजावर मर्यादा. एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेची नवी चौकट आली. वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या घराला विनातारण कर्ज म्हणजे सूक्ष्मकर्ज; सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जायला नकोत; सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर वसुलीचा फोन नाही; ठरलेल्या जागी वसुली, घरी लगेच धडकायचं नाही; मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही; कर्जदाराला समजेल अशा भाषेत कर्जाचा तपशील देणारं कार्ड. व्याजावरची मर्यादा मात्र काढून टाकली आणि दर कंपन्यांच्या संचालक मंडळांवर सोपवला. अडीच वर्षांत, ऑक्टोबर २०२४ मध्ये, अवाच्या सवा दर लावल्याबद्दल रिझर्व्ह बँकेलाच चार कंपन्यांना नवी कर्जं देण्यापासून रोखावं लागलं. २०२५ च्या सुरुवातीला कर्नाटकने जाचक वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला.

कागदावर ही चौकट वाईट नाही. पण 'उत्पन्नाच्या निम्मे' हे मुंबईत कसं चालतं बघा. महिना पंधरा हजारांचं घर, म्हणजे साडेसात हजारांपर्यंत हप्ते नियमात बसतात. उरले साडेसात हजार. गोवंडीत दहा बाय बाराची खोली भाड्याची असेल तर त्यातले बरेचसे भाड्यात गेले. खायचं काय? गावात स्वतःचं घर आणि चुलीला सरपण असतं, इथे पाण्याच्या कॅनलाही पैसे पडतात. एकच मर्यादा दोन्हीकडे लावून चालणार नाही. शिवाय हातावर पोट असलेल्या घराचं उत्पन्न ठरवायचं कुणी? टार्गेट असलेला मुलगा विचारतो, गरज असलेली बाई सांगते आणि दोघांनाही आकडा मोठाच हवा असतो. मग पहिलं कर्ज फेडायला दुसरं, दुसऱ्यासाठी तिसरं, एकाची टोपी दुसऱ्याला. तिन्ही कंपन्यांच्या वहीत ती बाई आदर्श कर्जदार असते, अगदी ज्या महिन्यात चौथं कर्ज मिळत नाही त्या महिन्यापर्यंत.

मग करायचं काय? कंपन्यांना जमण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे सवलतीचा काळ. कोलकात्यात झालेल्या एका प्रयोगात पहिला हप्ता लगेच न घेता दोन महिन्यांनी सुरू केला. ज्यांना ही सवड मिळाली त्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला, त्यांचा नफा वाढला. हप्ते बुडण्याचं प्रमाणही वाढलं, तेही सांगायला हवं. पण यातूनच कळतं की मशीन आणल्याच्या पंधराव्या दिवशी हप्ता मागितला तर बाई मशीन घेतच नाही, ती त्यातले पैसे हप्त्यासाठी बाजूला ठेवते. शंभर टक्के वसुली आणि वाढता धंदा दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. कंपनीने काय निवडायचं ते निवडावं, मात्र एकाची जाहिरात दुसऱ्याच्या नावाने करू नये.

दुसरी गोष्ट कंपन्यांच्या हातात नाही, महापालिकेच्या आहे. २०१४ चा पथविक्रेता कायदा होऊन दशक उलटलं, तरी मुंबईतल्या बहुसंख्य फेरीवाल्यांकडे परवाना नाही. भाजीवालीने तीस हजारांचं कर्ज काढून हातगाडी आणि माल घेतला आणि महिनाभरात पालिकेची गाडी येऊन सगळं उचलून घेऊन गेली, तर सक्षमीकरणाच्या गप्पा तिथेच संपतात. गाडी सोडवायला दंड, दंडासाठी उसनं, आणि हप्ता चालूच. केंद्राने २०२० मध्ये पीएम स्वनिधीतून फेरीवाल्यांना दहा हजारांपासून स्वस्त कर्ज द्यायला सुरुवात केली. एका हाताने भांडवल आणि दुसऱ्या हाताने जप्ती, असा हा सरकारी कारभार. मला विचाराल तर अशा बाईला आणखी वीस हजार देण्यापेक्षा चार फूट जागेचा कागद द्या. भांडवल ती उभं करेल.

कागदावरून आठवलं. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत नवी सदनिका नवरा-बायको दोघांच्या संयुक्त मालकीची असते. हा नियम कुठल्याही मोर्चापेक्षा जास्त काम करून गेला आहे, आणि त्याचं कौतुक मात्र होत नाही. ज्या खोलीवर तिचं नाव आहे तिथून तिला कुणी सहज बाहेर काढू शकत नाही. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या दीड हजारांवर मतं काहीही असोत, २०२४ पासून ते पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात येतात, त्यासाठी तिला गटाच्या चटईवर बसावं लागत नाही. मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी बायकांच्या स्वतःच्या खात्यात जाऊ लागली आणि खातं वापरायचं थोडं शिक्षण मिळालं, तेव्हा त्यांचं बाहेर कामाला जाण्याचं प्रमाण वाढलं, असं संशोधनात दिसलं आहे. आपल्याकडे मात्र ते दीड हजार हप्त्याच्या हिशोबात आधीच धरून ठेवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पैसा तिच्या खात्यात आला आणि चार दिवसांत कंपनीच्या खात्यात गेला.

पाळणाघर हा विषय खरं तर वेगळ्या लेखाचा. दोन वर्षांचं मूल कुठे ठेवायचं हे ठरत नाही तोवर बाईचा धंदा खोलीबाहेर पडत नाही, आणि खोलीत बसून होणाऱ्या कामाचा दर कोण ठरवतो ते वर आलंच आहे.

माझी मागणी साधी आणि जराशी कारकुनी आहे. प्रत्येक कर्जाच्या नोंदीत तीन प्रश्नांची उत्तरं असावीत. धंदा कोण चालवतं? विक्रीचे पैसे कुणाच्या खात्यात किंवा हातात येतात? आणि कर्ज संपल्यावर बाईने पुढचं कर्ज घेतलं ते धंदा वाढवायला की मागचं फेडायला? कंपन्यांकडे टॅब आहेत, मुलं आहेत, दर महिन्याची मीटिंग आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर त्यांना क्रेडिट ब्युरोत, म्हणजे प्रत्येकाच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेतच, दिसतं. राज्यस्तरीय बँकर्स समिती दर तिमाहीला बसते, जिल्हावार कर्जवाटपाचे तक्ते काढते. त्यात मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांपुरते तरी हे तीन रकाने वाढवावेत आणि ते मराठीत, कुणालाही वाचता येतील असे प्रसिद्ध करावेत. एकदा ते आकडे आले की आठ मार्चच्या जाहिरातीत कुठला टाकायचा, ते कंपन्यांनी खुशाल ठरवावं.